मराठी चित्रपटाला शेवटच्या बसच्या आधीचा खेळ द्या

गोव्यातील चित्रपटगृहांचे चालक, मराठी चित्रपटांचे वितरक आणि गोवा मनोरंजन संस्थेचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी उत्तर गोव्यातल्या साखळी गावाजवळच्या एका गावात राहते. सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवले आणि आता निवृत्त आहे. चित्रपटाच्या धंद्यातले मला फार कळते असे नाही. पण थिएटरात बसून पिक्चर बघायची हौस लहानपणापासूनची आहे आणि ती कोरोनानेही गेली नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मागणी एकच आहे, ती आधी सांगते. गोव्यात मराठी चित्रपट लागला की त्याचा निदान एक खेळ शनिवार-रविवारी दुपारी तीनच्या सुमारास ठेवा, आणि तो दुसऱ्या आठवड्यातही चालू ठेवा. तीनचा खेळ साडेपाचला सुटतो. आम्हाला बस मिळते.

बसचा आणि सिनेमाचा संबंध काय, असे पणजीत किंवा मुंबईत बसणाऱ्यांना वाटेल. आमच्या बाजूच्या माणसाला वाटणार नाही. पणजीहून आमच्याकडे यायचे तर जुने गोवे, बाणस्तारी, माशेल, आमोणे करत साखळीला उतरायचे आणि तिथून पुढची बस धरायची. संध्याकाळी सातपर्यंत काळजी नसते. आठनंतर मिळाली तर मिळाली. साडेआठनंतर पणजीच्या बसस्थानकावर उभ्या राहिलेल्या बाईला घरचे फोनवर फोन करायला लागतात. सव्वासहाचा खेळ नऊला सुटतो, म्हणजे तो आमच्यासाठी नाहीच. आणि रात्री पावणेदहाचा खेळ कोणासाठी असतो, हे मला आजवर समजलेले नाही. ज्याच्याकडे स्वतःची गाडी आहे, दुसऱ्या दिवशी सुट्टी आहे आणि रात्री साडेबाराला आमोण्याच्या पुलावरून एकट्याने गाडी हाकायची तयारी आहे, त्याच्यासाठी असावा. माझ्या मिस्टरांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून ते रात्री गाडी चालवत नाहीत. मुलगा पुण्याला असतो. गावात आमच्यासारखी घरे मोजायला बसलात तर निम्मा गाव निघेल.

गेल्या काही वर्षांत मराठी चित्रपटांना बहुतेक वेळा दोनच खेळ आलेले मी पाहिले आहेत: एक सकाळी साडेनऊ-दहाचा आणि एक रात्रीचा. सकाळी दहाला पणजीत पोचायचे तर घरून आठला निघावे लागते. त्या आधी सासूबाईंची पेज, देवपूजा, दुपारचा स्वयंपाक. नोकरी करणाऱ्या बायकांना तर रविवारची सकाळ म्हणजे आठवड्याची साठलेली सगळी कामे.

कोरोनाच्या आधी हे असेच होते का, असे मी स्वतःला बरेचदा विचारते. थोडेफार होते. पण तेव्हा सवय होती आणि सवयीच्या जोरावर माणूस अडचणीतूनही जातो. २०२० च्या मार्चमध्ये थिएटरांना कुलूप लागले आणि ती सवय मोडली. १५ ऑक्टोबर २०२० पासून निम्म्या खुर्च्यांवर थिएटरे उघडायला केंद्राने परवानगी दिली, १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्या खुर्च्या मोकळ्या केल्या, आणि दोन-तीन महिन्यांत दुसरी लाट येऊन पुन्हा सगळे बंद. त्या एप्रिल-मे महिन्यांत गोव्यात काय झाले ते मी इथे लिहीत नाही. आमच्या वाड्यावर दोन घरे रिकामी झाली.

त्या दीड-दोन वर्षांत पिक्चर मोबाईलवर आला. शाळाही मोबाईलवरच आली होती. सत्तरी-सांग्यातली मुले नेटवर्कसाठी डोंगर चढत होती आणि मी घरच्या व्हरांड्यात बसून चौथीच्या मुलांना भागाकार शिकवत होते. संध्याकाळी त्याच मोबाईलवर पिक्चर लावायचा. कुकरची शिट्टी झाली की थांबवायचा, पाव विकणाऱ्या पदेराचा पोंपों ऐकू आला की थांबवायचा, कोणाचा फोन आला की तो आपोआप थांबायचा. दोन तासांचा पिक्चर आम्ही चार दिवस बघत असू. शेवट आला तोवर सुरुवात विसरलेली असायची. मिस्टर त्यांच्या खोलीत त्यांचे बघायचे, मी माझे, सासूबाई कीर्तन. एका घरात तीन पडदे. मी कुरकुर करत नाही, त्या दिवसांत त्या छोट्या पडद्याने आम्हाला सांभाळले. पण त्याला सिनेमाला जाणे म्हणता येत नाही.

सिनेमाला जाणे म्हणजे काय, हे मला परत कळले ते २०२१ च्या डिसेंबरात. काही बायका मिळून सहलीला जातात असा एक मराठी चित्रपट त्या नोव्हेंबरात लागला होता. लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी पणजीत इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, सुरू झाला. इफ्फीच्या दिवसांत पणजीचे मल्टिप्लेक्स प्रतिनिधींचे असते, म्हणून आम्ही थांबलो. मग मी आणि माझी नणंद दोघी एका दुपारच्या खेळाला गेलो. दारात ती पिस्तुलासारखी वस्तू कपाळाला लावून ताप बघितला. पर्समध्ये सॅनिटायझरची बाटली, मोबाईलवर लसीचा दाखला उघडून ठेवलेला. आत एक सोडून एक खुर्चीवर फुलीचे कागद चिकटवलेले. नणंद आणि मी एकाच घरातून, एकाच बसमधून, एकाच बाकावर बसून आलेल्या. तरी मध्ये एक फुलीची खुर्ची ठेवून बसलो. दिवे गेले. सगळ्यांच्या तोंडाला मास्क, कोणी कोणाशी बोलेना.

अर्धा तास झाला असेल. मागच्या रांगेतून एक बाई खोकली. साधे खोकणे नव्हे, ठसकाच लागला तिला. सगळे थिएटर एकदम गप्प. पडद्यावर माणसे बोलत होती, पण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. पुढच्या रांगेतल्या दोघी तर वळून बघायला लागल्या. मीही मास्क वर ओढला, ते मला आठवते. आणि त्या बाईने ठसका आवरून काळोखात मोठ्याने सांगितले, “चणो अडकला गो, आनीक कांय ना!” आधी कोणीतरी एक जण हसला, मग सगळेच. पडद्यावर त्या वेळी हसण्यासारखे काही चालले नव्हते. नणंदेने मधल्या खुर्चीवरचा कागद सोडवून पर्समध्ये घातला आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पुढचा पिक्चर आम्ही सगळ्यांनी मिळून बघितला. दोन वर्षे ज्या अनोळखी माणसांच्या श्वासाला आम्ही भीत होतो, त्यांच्याबरोबर त्या दिवशी हसलो. परतीच्या बसमध्ये नणंद खिडकीला डोके टेकून स्वस्थ झोपली. तिचे यजमान मे महिन्यात गेले होते आणि त्यानंतर तिला बसमध्ये झोपलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

तो दुपारचा खेळ होता म्हणून हे झाले. रात्रीचा असता तर आम्ही गेलोच नसतो.

आता दुसरा प्रसंग. तो कुठल्या थिएटरातला ते मी लिहिणार नाही, कारण मला कोणा एकाला दोष द्यायचा नाही. एक चांगला मराठी चित्रपट आला होता. पहिल्या शनिवार-रविवारी त्याला रात्रीचाच खेळ. सोमवारपासून दुपारी एक खेळ दिलेला दिसला, म्हणून आम्ही चौघी गुरुवारी गेलो. बसस्थानकावरून रिक्षा केली, पोचलो. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, “मावशी, खेळ रद्द झालाय. तुम्ही चार जणीच आहात. चार जणांसाठी एसी लावायला परवडत नाही.” मुलगा नम्र होता. पैसे परत केले, पाणी विचारले. मी त्याला म्हटले, बाळा, शनिवारी दुपारी हा खेळ ठेवला असता तर चाळीस जणी आणल्या असत्या. तो म्हणाला, “ते आमच्या हातात नसते, वरून येते.” आम्ही चौघी बाहेर आलो, मांडवीच्या कडेला बाकावर बसून डब्यातल्या शंकरपाळ्या खाल्ल्या आणि चारच्या बसने घरी आलो. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तो चित्रपट गोव्यातून उतरला. कारण प्रेक्षक नाही.

मला या ‘प्रेक्षक नाही’चे फार वाईट वाटते. ज्या वेळेला प्रेक्षक येऊ शकत नाही त्या वेळेला चित्रपट लावायचा, न आलेल्या प्रेक्षकाचा आकडा काढायचा आणि त्या आकड्यावर पुढच्या चित्रपटाला पुन्हा तीच वेळ द्यायची. वर्गात असे केले असते तर मला कोणी मास्तरीण म्हटले नसते. मूल शाळेत येत नसेल तर आधी विचारतात, घरापासून शाळा किती लांब, वाटेत ओहोळ आहे का, बस किती वाजता. मग हजेरीपट बघतात.

आणि गोव्यात मराठीला प्रेक्षक नाही, हे कोणत्या तोंडाने म्हणता येईल? आपल्याकडे गावागावांतून देवळासमोर रंगमंच आहेत. जत्रेला, कालोत्सवाला, शिगम्याला रात्री दहा-अकराला नाटक उभे राहते आणि माणसे पहाटेपर्यंत मांडी घालून बघतात. नाटक मराठी. नट गावचेच: एक पंचायतीत कारकून, एक खाणीवर ड्रायव्हर होता, एक माझाच विद्यार्थी, ज्याला चौथीत उभे राहून कविता म्हणायला लाज वाटायची. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेसाठी मंडळे सहा-सहा महिने तालीम करतात. कला अकादमीची वास्तू दुरुस्तीसाठी बंद होती त्या काळात नाटकवाले फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात गेले, रवींद्र भवनांत गेले, पण नाटक थांबले नाही. कोरोना ओसरल्यावर आमच्या गावात माणसांची पहिली गर्दी झाली ती देवळातल्या नाटकाला. घरची खुर्ची डोक्यावर घेऊन लोक आले. रात्रभर जागले. कारण नाटक संपले की चालत पाच मिनिटांत घर. या प्रेक्षकाला पडद्याचे वावडे नाही. आम्ही तोच प्रेक्षक आहोत, फक्त पणजी चालत जाण्याइतकी जवळ नाही.

एके काळी सिनेमाही जवळ होता. डिचोलीला हिरा टॉकीज, म्हापशाला अलंकार, फोंड्याला आयशा, मडगावला मेट्रोपोल, लता, विशांत, वास्कोला एल मोन्त, पणजीत नॅशनल, सम्राट, अशोक. ही नावे घेतली की माझ्या वयाच्या माणसांच्या तोंडावर काय येते ते बघा. लहानपणी आम्ही डिचोलीला पिक्चरला जात असू. फिल्मची रिळे तेव्हा पत्र्याच्या पेट्यांतून यायची, आणि बसच्या टपावर पेटी दिसली की स्टँडवरची मुले ओरडायची, “पेटी आयली!” म्हणजे आज नवा पिक्चर. बस चित्रपट आणायची आणि बसच आम्हाला चित्रपटाला न्यायची. यातले पणजीचे नॅशनल तर कोरोनाच्या आधीच बंद पडले होते. जुनी टॉकीज परत आणा असे मी म्हणत नाही. ज्यांनी चालवली त्यांनाच त्यांचा तोटा ठाऊक. पण एक पडदा तालुक्यातून गेला की त्याचे सगळे प्रेक्षक आपोआप शहरातल्या मल्टिप्लेक्सला जात नाहीत. पाच-दहा जण जातात, बाकीचे घरी बसतात. कोरोनात घरी बसलेले मग कायमचे बसले.

हे घरी बसलेले उठून येतात का? येतात. मी दोनदा पाहिले आहे. २३ सप्टेंबर २०२२ ला मल्टिप्लेक्सवाल्यांनी राष्ट्रीय चित्रपट दिन केला आणि तिकीट ७५ रुपयांना लावले. दिवस शुक्रवारचा, कामाचा. तरी देशभर थिएटरे सकाळपासून भरली. आमच्या गावातून कॉलेजची मुले तर गेलीच, पण ज्यांनी दहा वर्षांत थिएटरची पायरी चढली नव्हती असे दोन निवृत्त शिक्षकही जाऊन आले. त्या दिवसानंतर बरेच जण म्हणाले की लोकांना महाग तिकीट नको आहे. ते खरेच आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे आणि शंभराच्या वरच्या तिकिटावर तो १८ टक्केच आहे. दुपारचा मराठी खेळ शंभराच्या आत ठेवला तर करातच केवढा फरक पडतो बघा.

दुसऱ्यांदा पाहिले ते २०२३ च्या पावसात. ‘बाईपण भारी देवा’ ३० जूनला लागला आणि बायकांच्या झुंडीच्या झुंडी थिएटरांकडे गेल्या. महाराष्ट्रातले फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. आमच्या भजनी मंडळातल्या अकरा जणी निघालो. आषाढातला पाऊस धो धो. दुपारचे खेळ भरलेले, तिकिटे मिळाली ती रात्री साडेनऊची. भाड्याची गाडी केली. तिकिटांच्या पैशांहून गाडीचे भाडे जास्त पडले. कोणी नाकातली नथ घालून आली होती, कोणी मुलीचा रेनकोट. थिएटरच्या जिन्यावर ओल्या चपलांच्या खुणा आणि वरपर्यंत बायकाच बायका, डिचोलीच्या, पेडण्याच्या, माशेलच्या. एक पंच्याहत्तरीची आजी नातीचा हात धरून एकेक पायरी चढत होती आणि वर पोचल्यावर म्हणाली, “मी शेवटचा पिक्चर अलंकारला बघितला होता.” रात्री एक वाजता घरी पोचलो. दोघींना घरी बोलणी बसली. पुढच्या वेळी त्या दोघी आल्या नाहीत. म्हणून म्हणते, तो रात्रीचा खेळ आम्ही एकदा हौसेने केला. दर महिन्याला तसे करता येत नाही, आणि धंदा दर महिन्याला येणाऱ्या माणसावर चालतो ना?

आता प्रत्येकाशी थोडे वेगळे बोलते.

थिएटर चालवणाऱ्यांनो, तुमची अडचण मला दिसते. कोरोनात महिनोन्‌महिने कुलूप, भाडे, वीज आणि पगार चालूच. मोठ्या हिंदी आणि दक्षिणेच्या चित्रपटांना संध्याकाळ दिली नाही तर दुकान चालत नाही, हेही मान्य. मी तुमची संध्याकाळ मागत नाही. दुपारी तीनला, शनिवार-रविवारी, चार पडद्यांपैकी एक. आणि अजून एक छोटी गोष्ट, जी आमच्यासाठी मोठी आहे: खेळांच्या वेळा बुधवारी रात्री नाहीतर गुरुवारी कळतात. तरुण मुले मोबाईलवर बघून तासाभरात निघतात. आमच्या मंडळाला निघायचे तर सासऱ्यांच्या औषधाची सोय, मुलांची क्लासची वेळ, म्हशीचे दूध, सगळे बघावे लागते. रविवारच्या दुपारच्या खेळाची वेळ मंगळवारपर्यंत पक्की करा आणि मग ती बदलू नका. ती वेळ दर रविवारी तीच राहिली तर विचारायचीही गरज पडणार नाही. जसे सगळ्यांना ठाऊक असते की साखळीचा बाजार सोमवारचा, म्हापशाचा शुक्रवारचा, तसा रविवारी तीनचा मराठी पिक्चर.

पिण्याच्या पाण्याचेही एक सांगते. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की बाहेरचे खाणे आणू द्यायचे की नाही हे थिएटरवाल्याने ठरवावे, पण स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवे. ते पाणी कुठे आहे याची पाटी दिसेल अशी लावा. मधुमेहाच्या माणसाला गोळी घ्यायची असते, तो पाटी शोधत फिरू शकत नाही.

वितरकांनो, गोव्याला तुम्ही मुंबई-पुण्याच्या यादीतली शेवटची ओळ समजू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून मल्टिप्लेक्सना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळात मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन आले. ती वेळ मिळवण्यासाठी तिथल्या लोकांनी किती भांडण केले ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. गोव्यासाठी थिएटरवाल्यांशी बोलताना तीच वेळ मागा. आमच्याकडे चित्रपटाची बातमी तोंडी फिरते. पहिल्या रविवारी चार जणी बघून येतात, सोमवारी बाजारात सांगतात, गुरुवारी भजनाला चर्चा होते, आणि दुसऱ्या रविवारी चाळीस जणी तयार होतात. तोवर पिक्चर उतरलेला असतो. तुम्ही पहिल्या तीन दिवसांच्या आकड्यावर निकाल लावता आणि आमचा प्रेक्षक दहाव्या दिवशी घरातून निघतो. मग दीड-दोन महिन्यांनी तोच चित्रपट मोबाईलवर येतो आणि सगळे म्हणतात, आता कशाला जायचे. दुसरा रविवार द्या. एवढ्यासाठी प्रिंटचा खर्चही आता नाही. पूर्वीसारखी रिळांची पेटी पाठवायची नाही. चित्रपट हार्ड डिस्कवर नाहीतर उपग्रहावरून येतो आणि ठरलेल्या तारखांपुरती तो उघडायची डिजिटल किल्ली मिळते. किल्ली आठ दिवस वाढवायची, एवढेच.

गोवा मनोरंजन संस्थेला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण ही संस्था सरकारची, म्हणजे आमची आहे. २००४ पासून इफ्फी गोव्यात होतो आणि त्याचा मला अभिमान आहे. कोरोनामुळे २०२० चा इफ्फी नोव्हेंबरात होऊ शकला नाही तेव्हा तो जानेवारी २०२१ मध्ये, १६ ते २४ तारखांना घेतला, काही चित्रपट थिएटरात आणि काही लोकांना घरबसल्या दाखवले. तारीख बदलली, पद्धत बदलली, पण महोत्सव सोडला नाही. असे ठरवले की जमते, हे तेव्हा दिसले. इफ्फीत मराठी चित्रपट असतात, गर्दीत असतात. राज्य चित्रपट महोत्सवात मराठी आणि कोंकणी दोन्ही चित्रपटांचा सन्मान होतो. गोव्यात मराठी चित्रपट महोत्सव भरतो तेव्हाही पणजी फुलते. हे सगळे वर्षातले मोजके दिवस. उरलेल्या दिवसांत साखळीच्या, कुडचड्याच्या, मडगावच्या, बायणाच्या रवींद्र भवनांत चांगली सभागृहे आहेत, खुर्च्या आहेत, वातानुकूलन आहे, बसस्टॉप आहे. नाटक-कार्यक्रम नसलेल्या दिवशी ती रिकामी असतात. महिन्यातून दोन रविवारी तिथे तिकीट लावून नवा मराठी आणि नवा कोंकणी चित्रपट दाखवा. डिजिटल प्रोजेक्टर आणि सर्व्हर बसवायला पैसे लागतील, हे समजते. एकदम सगळीकडे नको. फक्त साखळीच्या रवींद्र भवनात सहा महिने करून बघा. इफ्फीच्या नऊ दिवसांसाठी मिरामारच्या वाळूत पडदा उभा करता येतो, तर सिमेंटच्या पक्क्या सभागृहात का येऊ नये?

कोंकणी चित्रपटाचे नाव मी मुद्दाम घेतले. आमच्या घरात दोन्ही भाषा आहेत. चुलीपाशी कोंकणी, पुस्तकात मराठी, आणि भांडताना जी आधी तोंडात येईल ती. कोंकणी निर्मात्यांनाही याच वेळांचा त्रास होतो. ते थकून गावोगाव सभागृहे भाड्याने घेऊन स्वतःच खेळ लावतात, तियात्र ही कोंकणी नाटके करणारे लावतात तसे. त्यांनाही तो तीनचा खेळ मिळाला तर आम्ही तिथेही जाऊ.

माझ्या सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. कोरोनाच्या आधी त्यांना थिएटरात नेले होते तेव्हा मध्यंतरात विचारत होत्या, “संपला?” आणि नाही म्हटल्यावर खूश होऊन परत बसायच्या. आता त्या विचारतात, “आमका पिक्चराक व्हरची नाय?” रात्री त्यांना नेता येत नाही, सकाळी त्यांचे आटोपत नाही. दुपारी जेवून, थोडे आडवे होऊन, अडीचला त्या ताज्या असतात.

आमच्या मंडळाचा मोबाईलवर एक गट आहे. २०२३ ला अकरा होतो, आता नऊ आहोत, पण शेजारच्या दोन वाड्यांतल्या बायकांना धरले तर पस्तीस-चाळीस होतील. दर गुरुवारी संध्याकाळी देवळात भजनाला सगळ्या भेटतात, तिथेच तिकिटाचे पैसे गोळा होतात. तेव्हा मंगळवारी, फार तर बुधवारी दुपारपर्यंत वेळ जाहीर करा. तीनचा खेळ असला तर साखळीहून एकची बस पकडू. परतीला सहाची आहे, आणि ती चुकली तर सातची.

आपली नम्र,
साखळी परिसरातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका